दुसऱ्या कडव्याची मूळ ओळ

हे गाणं आता विमानांच्या हँगरएवढ्या सभागृहांत म्हणतात.
धूर सोडणारी यंत्रं, निळे झोत, वर गेलेले हात,
आणि पडद्यावर, कुठल्याशा गव्हाच्या शेतावर, पांढरी अक्षरं:
तू दिवा ठेवलास, मी घरी आलो.
पाच वेळा म्हणतात. सहाव्यांदा ड्रमवाला थांबतो
आणि नुसते गळे उरतात.

मला मात्र ते आठवतं सस्कॅचेवानमधलं,
उणे एकतीसमधलं.
चर्चचं तळघर, रविवारच्या शाळेची बुटकी खुर्ची,
तिच्यावर गुडघे हनुवटीशी घेऊन आर्डिथ पेनर,
गिटारला एक तार कमी,
आणि मी साउंडच्या वायरी गुंडाळतोय.
तिने विचारलं, "'तो आलाच नाही', बसतं का रे चालीत?"
म्हटलं, बसतं. एक मात्रा उरते.
"उरू दे."

तिचा भाऊ रॉयडन.
बापाशी वाजलं म्हणून रात्रीच ट्रक काढला त्याने.
कुणी म्हणतं हप्त्यांवरून, कुणी म्हणतं मुलीवरून.
मार्चचं वादळ होतं, समोरचा हात दिसत नव्हता.
म्हाताऱ्याने अंगणातल्या खांबावरचा दिवा लावला.
तिसऱ्या दिवशी ट्रक सापडला, रॉयडनही त्यातच.
आम्ही त्याला पुरलं. जमीन मशीनने फोडावी लागली.
दिवा कुणी बंद केला नाही.

अकरा वर्षं झाली.
बर्फ हटवणारा हार्वी एकदा म्हणाला,
"कॉर्नेलियस, तुझ्या दिव्यावरून मला वळण कळतं."
म्हातारा म्हणाला, "असेल."

मग नॅशव्हिलहून फोन आला. माणूस गोड होता.
चाल सुंदर आहे, म्हणाला, फक्त दुसऱ्या कडव्यात
लोक उभे राहायच्या ऐवजी खाली बसतात.
एक सर्वनाम बदलायचं, बास. एक क्रियापद.
आर्डिथने दोन दिवस घेतले आणि सही केली.
त्या पैशांतून तळघरात नवी भट्टी आली.
तिच्या उबेला बसून तक्रार कुठल्या तोंडाने करू?

आता पाळक लोक या गाण्यावर प्रवचनं देतात.
उधळ्या पुत्राचा दाखला, लूक, अध्याय पंधरा.
दुरूनच ओळखून धावत सुटलेला बाप, अंगठी, पुष्ट वासरू.
खोटं नाही त्यात काही.
पण पंधराव्या अध्यायात
वाटेतच गोठलेला मुलगा नाही,
आणि तरीही विजेचं बिल भरत राहणारा बाप नाही.
मला वाटतं देव असेलच, तर त्या बिलात असेल.
हे मी कुणाला बोललो नाही. आमच्याकडे असं बोलत नाहीत.

म्हाताऱ्याने ते ऐकलं सहकारी दुकानात,
वायसरच्या खोक्यात हात असताना, रेडिओवर.
गाणं संपेतो हात काढला नाही.
मग मला विचारलं, "माझ्याच दिव्याचं ना हे?"
"हो."
"कोण आलं म्हणतात?"
"मी. म्हणजे... जो गाईल तो."
त्याने बराच वेळ एक वायसर अंगठ्यावर फिरवला.
"बरं," म्हणाला. "कुणीतरी येतंय म्हणजे."
आणि दोन बल्ब घेतले. एक जास्तीचा.

आमच्या चर्चमध्ये पडदा माझ्या हाती असतो.
मी जुनीच ओळ टाकतो.
जुनी माणसं 'तो' म्हणतात,
रेडिओवर शिकून आलेली पोरं सवयीने 'मी',
दोन्ही शब्द एकाच जागी आदळतात,
आर्डिथ डोळे मिटून घेते, चौथ्या बाकावर म्हातारा
पुस्तक उघडं धरून, न गाता उभा.
मग ती उरलेली मात्रा येते.
तिथे मी आवाज वाढवत नाही.